वासराची हगवण घरापर्यंत पोहोचू नये म्हणून: क्रिप्टोस्पोरिडियमला गोठ्यातच अडवण्याची पद्धत

नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यातल्या बहुतेक दूधवाल्यांचा गोठा घराला लागूनच असतो. वासरं पाजायचं काम घरातल्या बायकांकडे, नाहीतर शाळेतून आलेल्या पोरांकडे. गाय व्यायल्यावर आठ-दहा दिवसांत वासराला पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागते. मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात, गुण येत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात घरातल्या लहानग्याला जुलाब लागतात आणि 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल' म्हणून विषय मिटतो. गोठ्यात पशुवैद्यक येतो, घरात माणसांचा डॉक्टर येतो, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्या आजाराबद्दल विचारत नाही. मी पशुवैद्यक आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे दोन आजार एकत्र विचारले गेले पाहिजेत, कारण अनेकदा त्यांचं मूळ एकच असतं.

हे मूळ म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम, एक पेशीचा परजीवी (अशा परजीवींना प्रोटोझोआ म्हणतात). अमेरिकन शास्त्रज्ञ टायझर यांनी 1912 साली उंदरात याची नोंद केली. वासरातल्या हगवणीशी त्याचा संबंध 1971 मध्ये आणि माणसातला संसर्ग 1976 मध्ये पुढे आला. तो शेणावाटे बाहेर पडतो ते जाड कवचाच्या ऊसिस्टच्या रूपात. एक ऊसिस्ट साधारण 5 मायक्रॉनचा, म्हणजे डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. बाहेर पडतो त्याच क्षणी तो संसर्गाला तयार असतो, जमिनीवर पिकायला त्याला दिवस लागत नाहीत. एक आजारी वासरू आठवडाभरात हजार कोटींच्या घरात ऊसिस्ट टाकू शकतं. माणसाला आजारी पाडायला मात्र दहासुद्धा पुरे होतात. या दोन आकड्यांमधली तफावत लक्षात घेतली, की नुसतं 'वरवर साफ दिसतंय' यावर विसंबून का चालत नाही ते कळतं.

दुसरी अडचण फिनाईल आणि ब्लीचिंगची. गोठ्यात आपण जी जंतुनाशकं नेहमी वापरतो, त्यातली बहुतेक या कवचापुढे निकामी ठरतात. क्लोरीनचंही तेच. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि अंदाजे 4 लाख लोक आजारी पडले. ते पाणी क्लोरीन घातलेलंच होतं. त्या साथीचं खापर गाईंवर फोडू नये, पुढच्या तपासण्यांत माणसातला प्रकार सापडला होता. पण क्लोरीनच्या भरवशावर बसू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

आधी ओळखा: वासराचं वय विचारा

हगवण कशाची आहे याचा अर्धा अंदाज वासराच्या वयावरून येतो. म्हणून जन्माची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने का होईना, पण लिहून ठेवा. पहिल्या तीन-चार दिवसांत लागलेली हगवण बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूची असते आणि ती वासराला झपाट्याने खाली पाडते. पाचव्या दिवसापासून तीन-चार आठवड्यांपर्यंतचा काळ क्रिप्टोस्पोरिडियमचा, त्यातही दुसऱ्या आठवड्यात जास्त. याच काळात रोटा आणि कोरोना हे विषाणूही असतात आणि अनेकदा दोन-तीन कारणं एकत्र येतात. महिन्याच्या आसपास किंवा त्यापुढे, शेणात रक्त आणि शेंबूड, वासरू कुंथतंय असं दिसलं तर कॉक्सिडिया आठवावा. तोही प्रोटोझोआच, पण गाईगुरांचा कॉक्सिडिया माणसाला लागत नाही. महिना-दोन महिने उलटले तरी शेण पातळच आणि वासरू अंग धरत नाही, तर जियार्डिया या आणखी एका प्रोटोझोआची शंका घ्या. जियार्डियाचा वासरात जास्त आढळणारा प्रकार माणसाला सहसा होत नाही, पण दुसरा एक प्रकार दोघांनाही होतो. त्यामुळे काळजी तीच घ्यायची.

नुसतं बघून खात्री होत नाही. हगवण लागल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, औषधांचा मारा करण्याआधी, नमुना घ्या. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून चमचा-दोन चमचे शेण स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत घ्यायचं, डबीवर वासराचा बिल्ला क्रमांक आणि वय लिहायचं आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायचं. एकाच वासराचा नमुना देण्यापेक्षा तीन-चार वासरांचे दिले तर चित्र स्पष्ट होतं. डॉक्टरांना 'मॉडिफाइड झील-नील्सन रंगक्रिया करून बघता का?' असं विचारा. नेहमीच्या जंताच्या तपासणीत हा परजीवी निसटतो. या रंगात ऊसिस्ट निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर लाल-गुलाबी ठिपक्यांसारखे दिसतात. काही खासगी दवाखान्यांत वासरांच्या हगवणीचं पट्टीवरचं झटपट किटही मिळतं. जवळ सोय नसेल तर पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, नमुना तिकडे पाठवण्याबद्दल दवाखान्यातूनच विचारा.

हगवण लागल्यापासूनचे पहिले 24 तास

वासरू क्रिप्टोमुळे मरतं ते बहुतेक वेळा पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून औषधाच्या शोधात दिवस घालवण्याआधी पाणी भरून काढा.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक, दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली तर पाणी बरंच कमी झालंय. डोळा खोबणीत आत गेलाय का बघा. मग हात धुऊन बोट वासराच्या तोंडात घाला. तोंड उबदार असेल आणि ते बोट चोखत असेल, तर तोंडावाटे पाणी देऊन भागेल. तोंड गार, चोखायची इच्छा नाही, वासरू आडवं पडलंय, असं असेल तर तोंडातून काहीही पाजत बसू नका. रक्तातलं आम्ल वाढलेलं असतं, शिरेतून सलाईन आणि बायकार्बोनेट लागतं, आणि त्यासाठी डॉक्टरच हवा. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या दारावर ठळक लिहून ठेवा.

तोंडावाटे द्यायचं तर वासरांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर उत्तम. ती हाताशी नसेल तर मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट, पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात. 30-40 किलोच्या वासराला दिवसभरात 2 ते 4 लिटर, दोन-तीन वेळा विभागून, कोमट. जबडा वर करून बाटली ओतू नका. ठसका लागून पाणी फुप्फुसात गेलं की हगवणीतून वाचलेलं वासरू न्यूमोनियाने जातं.

आणि दूध बंद करू नका. 'हगवण लागली, आता दोन दिवस दूध नको' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो आणि त्याने वासरं उपाशी मरतात. ओआरएसमध्ये ऊर्जा फार थोडी असते. दूध चालू ठेवा, फार तर एका वेळचं कमी करून खेपा वाढवा. फक्त सोडा किंवा बायकार्बोनेट असलेलं इलेक्ट्रोलाइट दुधात कालवू नका, दूध पोटात नीट फाटत नाही. दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. थंडीत तर दूध वाढवावंच लागतं. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा किती खाली जातो ते तिथल्यांना सांगायला नको. ओलं, आजारी वासरू त्या रात्री नुसतं अंग तापवण्यात सगळी ताकद घालवतं. पोतं पांघरा, खाली कोरडा पेंढा टाका.

नेहमीचं अँटिबायोटिक या परजीवीवर चालत नाही. ताप असेल, जिवाणूंचाही संसर्ग असेल, तर डॉक्टर ते देतील, पण प्रत्येक हगवणीला आपल्या मनाने गोळी नको. क्रिप्टोसाठी युरोपात हॅलोफ्युजिनोन नावाचं औषध वापरतात. ते परजीवीचा जोर कमी करतं, पण डोस दुप्पट झाला तरी विषबाधा होते आणि पाणी कमी झालेल्या वासराला ते सोसत नाही. गाभण गाईला टोचून चिकातून वासराला संरक्षण देणारी लस युरोपात 2023 मध्ये मंजूर झाली. आपल्या गोठ्यात आजच्या घडीला खरा भरवसा पाणी, दूध, ऊब आणि कोरडेपणा यांवरच आहे.

चीक: जार पडायची वाट बघू नका

हगवणीची निम्मी लढाई ती लागायच्या आधीच होते. व्यायल्यावर जार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून कित्येक घरांत आहे. जार पडायला आठ-दहा तास लागले तर तेवढ्यात वासराच्या आतड्याची चिकातलं संरक्षण शोषून घेण्याची ताकद घटत जाते आणि 24 तासांत ती जवळजवळ संपते. पहिल्या दोन तासांत वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर चीक द्या. बारा तासांच्या आत आणखी 2 लिटर. खरवसासाठी शेजारीपाजारी चीक वाटायची रीत चांगलीच आहे, फक्त वासराचा वाटा आधी. चिकाने क्रिप्टो थेट थांबत नाही, पण सोबत येणारे जिवाणू आणि विषाणू आवरले जातात, आणि तगडं वासरू क्रिप्टोतून आपल्या बळावर बाहेर येतं.

व्यायची जागा वेगळी आणि कोरडी ठेवा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. वासरू उठून उभं राहिलं की गाईच्या शेणातून काढून वेगळ्या कप्प्यात हलवा, आणि शक्य असेल तर एका कप्प्यात एकच वासरू. दहा दिवसांचं आणि दोन महिन्यांचं वासरू एकत्र बांधलं की मोठ्याकडून लहानाला रोग मिळत राहतो.

कामाचा क्रम बदला

हा भाग सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

सकाळी आधी धडधाकट लहान वासरं, मग मोठी, आणि आजारी वासरू शेवटी. त्या वासराची बादली, निपलची बाटली, खराटा वेगळा, त्यावर लाल रंगाची खूण. त्या कप्प्यासाठी गमबूट वेगळे, ते गोठ्याच्या दारातच काढायचे, ओसरीपर्यंत आणायचे नाहीत. आजारी वासराजवळ जाणारं माणूस घरातलं एकच असावं आणि ते गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, कॅन्सरची औषधं किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं, एचआयव्ही असलेलं कोणी नसावं. पोरांना वासराचा लळा असतो, ती बोट चोखायला देतात. वासरू बरं झाल्यावरही दोन आठवडे ते थांबवा, कारण हगवण थांबली तरी ऊसिस्ट काही दिवस पडत राहतात.

निपलच्या बाटलीकडे जरा बारकाईने बघा. निपल उलटं करून आतून अंगठा फिरवला की बुळबुळीत थर लागतो. तो दुधातल्या स्निग्धाचा आणि प्रथिनांचा. त्याच्याखाली वासराच्या लाळेतलं, शेणातलं सगळं अडकून बसतं. आधी कोमट पाण्याने विसळा, मग साबणाच्या कडक पाण्यात ब्रशने घासा, मग उकळतं पाणी ओता आणि बाटली उलटी करून उन्हात टांगा. जमिनीवर ठेवू नका. निपलला चीर गेली असेल तर फेकून द्या, त्या चिरेत ब्रश पोहोचत नाही. आणि ही धुलाई स्वयंपाकघरातल्या मोरीत, घरातल्या भांड्यांबरोबर नको. बऱ्याच घरी ती तिथेच होते, कारण गरम पाणी तिथे असतं. गोठ्याबाहेर एक नळ आणि पाणी तापवायची सोय करून घेतली तर माझ्या मते औषधांवरच्या खर्चापेक्षा तो पैसा जास्त कामी येतो.

हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने, नखांपर्यंत. सॅनिटायझर या परजीवीवर चालत नाही. गोठ्यात तंबाखू मळणं, बिडी, चहा हे सगळं हात धुतल्यावर. गोठ्यातले कपडे वेगळे भिजवा आणि कडक उन्हात वाळवा.

जागा: ओल मोडा

क्रिप्टोला दोन गोष्टी खरोखर सोसत नाहीत: उष्णता आणि कोरडेपणा. ओलसर, थंड शेणात तो महिनोन्महिने तगतो. कोरड्या पृष्ठभागावर पूर्ण वाळला की काही तासांत मरतो. म्हणून साफसफाईचा क्रम असा ठेवा. शेण आणि जुनं अंथरूण आधी खरवडून काढा, पाणी मारण्याच्या आधी. नुसतं प्रेशरने पाणी मारलं तर शेणाचे तुषार शेजारच्या कप्प्यात जातात. मग साबणाच्या गरम पाण्याने घासा, उकळतं पाणी किंवा वाफ द्या, आणि मग कप्पा रिकामा ठेवून पूर्ण वाळू द्या. सिमेंटचा कोबा असेल तर फ्लेम गनही फिरवता येते, पण पाचट, पेंढा, प्लॅस्टिक आणि वायरिंग दूर करूनच. बादल्या, निपल अशा लहान वस्तूंसाठी 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 20 मिनिटं चालतं. चुना टाकला तर फरशी कोरडी राहायला मदत होते, पण तेवढ्यावर कप्पा निर्जंतुक झाला असं धरू नका.

रबर मॅट असेल तर ती उचलून बघा. वरून कोरडी दिसते, खाली काळपट, ओला शेणाचा थर असतो. वासरांच्या कप्प्यात मॅटपेक्षा रोज बदलता येणारं पाचट किंवा भाताचा पेंढा बरा. येवला, सिन्नर, चांदवडच्या कोरड्या भागात मार्च ते मे ऊन फुकट मिळतं, तेव्हा कप्पे आळीपाळीने रिकामे ठेवून तापवून घ्या. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे पावसाळ्यात हे जमत नाही. तिथे कप्पा जमिनीपासून उचलून फळ्यांचा किंवा जाळीचा करणं आणि जमेल त्यांनी गाई पावसाळ्यानंतर वितील असं रेतन ठेवणं, हे दोन मार्ग आहेत.

पाणी, दूध आणि शेण

विहीर गोठ्याच्या उताराला असेल तर पहिल्या पावसातच शेणाचं पाणी आत उतरतं. विहिरीला कठडा आणि बाजूने चर करा. ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते ती चालूच राहू द्या, कॉलरा-कावीळ रोखायला ती हवीच, पण क्रिप्टोसाठी पिण्याचं पाणी उकळायला हवं. खदखदा उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. चांगल्या अवस्थेतला आरओ चालतो, कापडाने गाळणं चालत नाही. दूध धारोष्ण नको, उकळूनच. पाश्चरायझेशनच्या 72 अंश सेल्सिअसच्या तापमानालाही हा परजीवी टिकत नाही, त्यामुळे तापवलेल्या दुधाची भीती बाळगायचं कारण नाही.

हगवणीच्या वासराचं शेण सारवायला, गोवऱ्यांना किंवा जीवामृताच्या टाकीत घेऊ नका. त्यासाठी धडधाकट मोठ्या गाईचंच शेण वापरा. वासरांच्या कप्प्यातलं शेण आणि अंथरूण वेगळ्या ढिगात लावा, ढीग आतून 55 अंशांच्या वर तापला पाहिजे, आणि दोन-तीनदा पलटून बाहेरचं आत गेलं पाहिजे. गोबरगॅसमधून निघालेल्या स्लरीत ऊसिस्ट कमी होतात, संपत नाहीत. कोथिंबीर, मेथी, पालक, कांद्याची पात या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगतच्या पिकांवर ताजी स्लरी सोडू नका. नाशिकची भाजी रातोरात मुंबईला पोहोचते, म्हणजे आपल्या गोठ्यातली चूक कोणाच्या तरी ताटापर्यंत जाते.

इतर प्रोटोझोआबद्दल थोडं

गोचीड तापात येणारा थायलेरिया संकरित गाईंचा कर्दनकाळ आहे, पण माणसाला लागत नाही. गर्भपात घडवणारा निओस्पोराही नाही. टॉक्सोप्लाझ्मा मांजरांच्या विष्ठेतून येतो. गाईपेक्षा शेळ्यांमध्ये त्याचा त्रास जास्त, म्हणून घरात गरोदर बाई असेल तर शेळीचं कच्चं दूध नको आणि गाभडलेल्या शेळीचा जार उघड्या हाताने उचलायला तिला लावू नका. जनावरांना सर्रा हा रक्तातला आजार घडवणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय माणसाला होतच नाही असं समजलं जायचं. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पशुपालकाला तो झाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या रक्तात या परजीवीला मारणारं एक प्रथिन नव्हतं. असे रुग्ण फार विरळा, तरीही सर्रा झालेल्या जनावराचं रक्त हाताळताना हातमोजे घाला.

घरातलं माणूस आजारी पडलं तर

संसर्ग झाल्यापासून साधारण आठवडाभरात पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, मळमळ, कधी बारीक ताप. धडधाकट माणूस एक-दोन आठवड्यांत बरा होतो. लहान मुलांचं तसं नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या मोठ्या अभ्यासात एक वर्षाखालच्या बाळांच्या गंभीर जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसनंतर क्रिप्टोस्पोरिडियमच होता. त्या अभ्यासात कोलकाताही होतं. आपल्याकडच्या मुलांत माणसाकडून माणसाला होणारा प्रकार जास्त आढळतो हे खरं, पण गोठा असलेल्या घरात वासराचा विचार आधी करावा.

दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'घरी वासराला हगवण आहे, मुलाची शौचाची तपासणी क्रिप्टोस्पोरिडियमसाठी करता का?' सांगितल्याशिवाय नेहमीच्या तपासणीत ते बघितलं जात नाही. औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतील. ओआरएस मात्र घरूनच सुरू करा आणि बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. लघवी कमी झाली, टाळू बसली, मूल सुस्तावलं तर रात्रीची वाट न बघता दवाखाना गाठा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने पहिल्या दिवशीच जावं. आजारी माणसाने धार काढू नये, घरचा स्वयंपाक करू नये. आणि जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोरांना विहिरीत, कालव्यात किंवा तरणतलावात पोहायला सोडू नका, कारण तेवढे दिवस तेच ऊसिस्ट त्यांच्याकडून पाण्यात जात असतात.